सुमीची दाढ

आज दातांच्या दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास आला आणि मेलेल्या आजीचा पुन्हा संताप आला.

लहानपणी शाळेच्या नावाने मला उलट्या व्हायच्या. आई मला अलिबागला मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायची. त्या माझ्याशी बोलायच्या, आधी शाळेच्या फाटकापर्यंत, मग वर्गाच्या दारापर्यंत जायला लावायच्या. हळूहळू मी वर्गात बसू लागले. पण लोक वेडी म्हणतील म्हणून आजीने गावभर सांगितलं, “किडकी दाढ काढली, पोर सुधारली.”

एकदा आम्ही अंगणात सुपाऱ्या सोलत होतो. शेजारच्या कुंदाकाकू त्यांच्या सुमीला घेऊन आल्या. सुमीही शाळेच्या नावाने थरथरायची. तिचा गाल सुजला होता, तोंडाला लवंगेच्या तेलाचा वास होता.

“हिचीही एक किडकी सापडली, काढून आणली,” काकू म्हणाल्या. “आता जाईल ना हो भीती?”

“जाईल की,” आजी म्हणाली. सोलणं थांबवलंसुद्धा नाही.

“खोटं!” मी ओरडले. “मला डॉक्टरीणबाईंनी बरं केलं. माझी दाढ काढलीच नाही!” मी तोंड उघडून दाखवलं.

आजीने फाडकन थोबाडीत मारली. तरी मी तोंड मिटलं नाही. काकू वाकून आत बघत होत्या, काढलेल्या दाढेची जागा शोधत.