वीणा खाली ठेवायची नसते

आमच्या गावात हनुमान जयंतीचा सप्ताह बसतो, त्याच दिवसांत जंगलात मोहाची फुलं गळत असतात. त्यामुळे पुरुष मंडपात आणि बाया मोहाखाली, अशी सोयीची वाटणी झालेली. सप्ताहभर वीणा कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात हवीच. एकाचा पहारा संपला की ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, जमिनीला टेकत नाही. टेकली तर सप्ताह मोडला आणि गावावर काहीतरी संकट येणार, ही पक्की समजूत. बाईच्या गळ्यात तर ती कधी गेलीच नव्हती. मंडप सारवायला आणि चहा करायला मात्र बायाच लागायच्या. चंद्रपूरहून सुटीत आले की मी यावरून बाबांशी भांडायचे. "तुले नाई कळत," एवढं म्हणून ते विषय संपवायचे.

त्या सकाळी पहारा बाबांचा होता. मी मंडपामागे चहाचं आधण ठेवत होते. पहाटे मोह वेचायला गेलेली शेजारची काकू रिकाम्या हातांनी धावत आली. टोपली कुठे टाकलीस, असं विचारणार होते, पण तिचा चेहरा बघून चहा तसाच सोडून पुढे झाले.

"वाघ निंगाला वो झुडपातून," ती म्हणाली. "आमी साऱ्या पळालो. तुही माय मागंच राह्यली."

टाळ थांबले. माणसं काठ्या, तेलाचे डबे, हाताला लागेल ते घेऊन मोहाजवळच्या नाल्याकडे पळाली. बाबांनंतर ज्याचा पहारा होता, तोही गेला. मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावची एक बाई मोह वेचतानाच गेली होती. वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं म्हणतात. आणि आईला गुडघ्यांमुळे धड चालताही येत नव्हतं, पळायचं तर सोडाच.

बाबा वीणा घेऊन उभेच होते. देवाचं नाव घेत होते, पण नजर रस्त्याकडे होती आणि बोटं तारेवर चुकत होती.

"बाबा, जा ना."

"कोणाच्या गळ्यात देऊ?"

मला असा संताप आला की बस. तिकडे माझी आई वाघासमोर, आणि इकडे यांना पहाऱ्याचं पडलेलं.

"द्या इकडे," मी म्हटलं.

"नोको वो," काकू पुटपुटली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली केली. मी पट्टा त्यांच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातला. ते चपला न घालताच पळाले.

आधी मी नुसतीच उभी होते. वीणा वाटली होती त्यापेक्षा जड होती. नाल्याकडून डबे वाजवल्याचा, ओरडण्याचा आवाज येत होता. मग तो एकदम थांबला. त्या शांततेत माझ्या तोंडातून नाव बाहेर पडलं. कोण ऐकतंय, ऐकतंय तरी का, काही माहीत नव्हतं. आपण थांबलो तर आई गेली, एवढंच वाटत होतं. हीसुद्धा समजूतच आहे, हे मला तेव्हाही कळत होतं, तरी थांबवत नव्हतं. लहानपणापासून ते नाव कानावर होतं, चारचौघांत म्हटलंही होतं, पण त्या दिवशी ते माझ्या पोटातून येत होतं. काकूनं टाळ उचलले.

ऊन मंडपात आलं तेव्हा माणसं परतली. आई बाबांच्या खांद्याला धरून चालत होती. लुगडं काट्यांनी फाटलं होतं, पण ती चालत होती. वाघ समोर असताना ती मोहाच्या खोडाला पाठ लावून ताठ उभी राहिली होती, माणसांचा गलका ऐकून तो निघून जाईपर्यंत. बाबांचे तळवे रक्ताळले होते. तिला बघून माझं नाव घेणं तिथेच थांबलं. वीणा मात्र मी छातीशी घट्ट धरून होते.

गावातले सगळ्यात जुने विणेकरी माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "बाईच्या गळ्यात वीणा," ते बाबांना म्हणाले. "सप्ताह मोडला. पुन्हा बसवा लागन."

"मोडला नाई, भाऊ."

"कसा नाई?"

"तिनं खाली ठेवली नाई," बाबा म्हणाले. "मी ठेवून पळणार होतो."

वीणा घ्यायला कोणी हात पुढे केला नाही. आई खांबाला टेकून बसली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "थांबली काऊन? म्हण."