सीतादहीचा कापूस आणि श्रावणचा कॅमेरा

कारंज्याला हमरस्त्यालगत अण्णाजींचा फोटो स्टुडिओ होता, तेव्हा निम्म्या गावाने त्यांच्या निळ्या पडद्यासमोर बसून श्वास रोखला होता. कोणी परीक्षेच्या फॉर्मसाठी, कोणी लग्न जमवण्यासाठी. अण्णाजी सगळ्यांना एकच सांगत, "हनुवटी जराशी खाली." त्यांचा मुलगा श्रावण फौजेत भरती व्हायला निघाला, तेव्हा त्याच्या फॉर्मवरचा फोटोही तिथलाच आणि त्याचीही हनुवटी खालीच.

श्रावण आता शिपायाचा नायक झाला. अकरा वर्षं नोकरी झाली. फोटोचं वेड त्याने बापाकडून घेतलं, पण प्रत्येक वेळी ते घरच्या लोखंडी कपाटात ठेवून जावं लागे. सीमेवरच्या चौकीत फोनसुद्धा जमा करून घेतात, तिथे कॅमेरा कोण नेऊ देणार? सुट्टीवर आला की तळ्यावरचे बगळे आणि ढाब्यावर चहा पिणारे ट्रकवाले टिपायचे, आणि सुट्टी संपली की पुन्हा कपाट.

यंदा मात्र त्याच्या पलटणीला आफ्रिकेतल्या शांतिसेनेत जायचं निघालं, आणि पहिल्यांदाच साहेबांनी सांगितलं की स्वतःचा कॅमेरा नेता येईल. अटी भरपूर होत्या. कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा नंबर अर्जात लिहायचा, छावणी, हत्यारं, गाड्या यांच्याकडे लेन्स वळवायची नाही, माणसाचा फोटो त्याला विचारूनच काढायचा. श्रावणने अर्ज भरला, शिक्का मिळाला. तो कागद अण्णाजींनी चष्मा लावून दोनदा वाचला. त्यांचे हात आता थरथरतात, स्टुडिओ बंद होऊन चार वर्षं झाली.

"मी जलमभर लोकाईले पडद्यासमोर बसवलं," ते म्हणाले. "तू तिकडे जाऊन बिनपडद्याचं काढजो. मले दाखवजो."

बस, एवढंच बोलले. पण श्रावणच्या मनात ते पक्कं बसलं. इतर काही राहिलं तरी चालेल, कॅमेरा गेला पाहिजे.

निघायच्या दिवशी सकाळी तो मारुतीच्या पाया पडायला गेला, तेवढ्यात त्याच्या आईने, शकुंतलाबाईंनी, कॅमेऱ्याची बॅग उघडली. आतला काळा स्पंज त्यांनी दाबून पाहिला आणि त्यांना तो काही पटला नाही. त्या देवघरातून एक टोपली घेऊन आल्या.

सीतादही म्हणजे आपल्याकडची कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा. शेतात पाच खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच बोंडाला हात लावायचा. त्या दिवशीचा पहिला ओंजळभर कापूस शकुंतलाबाई विकायच्या ढिगात टाकत नाहीत. तो देवाजवळ राहतो, वर्षभराच्या वातींसाठी. तोच त्यांनी लेन्सभोवती गुंडाळला, कप्प्याकप्प्यात भरला.

सूनबाई अंजू दारातून पाहत होती. "आई, कॅमेऱ्याची गादी भरून राह्यल्या का?"

"तू हास. विमानात धक्के बसतात म्हणे. आन देवाचा कापूस आहे, नजरबी लागत नाई."

"त्याले सांगा तरी."

"सांगतलं तं काढून ठेवीन तो. बापासारखाच आहे."

दोघी मिळून चेन लावून मोकळ्या झाल्या.

पलटणीच्या तळावर पाचव्या दिवशी सामानाची तपासणी होती. काळ्या पेट्या मैदानात ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने नंबर आणि नाव. संध्याकाळी पाच वाजता सगळ्या पेट्यांना सील लागणार होतं. सुभेदारसाहेब यादी हातात घेऊन फिरत होते. ते हरियाणाचे, मिशा भरदार, आवाज त्याहून. त्यांनी श्रावणची बॅग उघडली आणि पांढरा कापूस फसकन बाहेर आला.

"ये क्या है, नायक?"

श्रावणचंही तोंड उघडंच राहिलं. साहेबांनी कापूस चिमटीत धरून दाबला आणि आतली सरकी बाहेर काढली. "बिनौला! बीज, मिट्टी, पत्ता, कुछ नहीं जाएगा उधर। दस बार बताया कि नहीं?"

"बताया, साब."

"तो ये बॅग बाहर। घर भेज देना."

नंबर बरोबर, शिक्का बरोबर, आणि अडकलं कुठे, तर आईच्या कापसात! त्याने हात जोडून पाच वाजेपर्यंतची वेळ मागितली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. तीन वाजले होते. "एक भी बीज मिला, तो कॅमेरा यहीं रहेगा."

त्याने बराकीत चादर पसरली आणि आईला फोन लावला.

"आई, काऊन भरला व कापूस?"

शकुंतलाबाईंनी आधी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग, "सापडला काय?"

"सापडला म्हंजे? कॅमेरा अडकला माझा! आता फेकून देतो सगळा."

"फेकू नको रे बाप्पा! पूजेचा आहे, पायदळी येईन. तू निवांत बस आन एकेक सरकी काढ. लहानपणी वातीसाठी काढतच होता ना?"

काढत होता खरा. पण हा कापूस नुसता भरलेला नव्हता, तर बॅगेच्या प्रत्येक चिकटपट्टीत, प्रत्येक शिवणीत तंतू रुतून बसले होते. श्रावणने कॅमेरा आणि लेन्स वेगळी केली, ब्रशने झाडली, टॉर्च लावून खिसे तपासले. शेजारचा बिहारी जवान हसत हसत बसला, मग आणखी दोघं. ज्यांनी जन्मात कापसाचं झाड पाहिलं नव्हतं, ते सरकी नखाने टोकरत बसले. अर्ध्या तासात मूठभरही झालं नाही.

तेवढ्यात दारात सुभेदारसाहेब. सगळे ताडकन उठले.

"बैठो, बैठो। ऐसे निकालते हैं बिनौला?" साहेबांनी टोपी काढून बाजूला ठेवली आणि चादरीवर मांडी घातली. अंगठा आणि बोट अशी काही फिरवली की सरकी टपकन खाली आणि कापूस हातात. "हमारे यहाँ भी कपास ही है। माँ का हाथ बँटाता था मैं." मग थोड्या वेळाने, "पूजा का है?"

"जी साब. पहली चुनाई का."

"तब फेंकना मत."

पाऊण तासात कापूस लोण्यासारखा झाला. तो साहेबांनी कागदात बांधून पलटणीच्या मंदिरात पंडितजींकडे दिला. सरकी माळ्याला दिली. बॅग पुन्हा उलटी करून झटकली, टॉर्चने पाहिली, आणि पाचला दहा मिनिटं कमी असताना पेटीला सील लागलं. निघायच्या सकाळी सगळ्या कंपनीची आरती झाली, त्या आरतीत वाती शकुंतलाबाईंच्या शेतातल्या कापसाच्या होत्या. घरी फोनवर हे ऐकून त्यांनी तिथूनच हात जोडले, आणि फोन गालावरून घसरून खाली पडला.

तीन आठवड्यांनी अंजूच्या फोनवर पहिला फोटो आला. छावणीपासून लांब, नदीकाठी, सुट्टीच्या दिवशी साध्या कपड्यात उभे असलेले सुभेदारसाहेब. त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, घरी पाठवायला एक काढ म्हणून. मागे पडदा नाही, भिंत नाही. नुसतं आभाळ, आणि ते संपतच नाही.

अण्णाजींनी फोटो बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. मग घरातल्या दुसऱ्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून श्रावणला म्हणाले, "हनुवटी बरोबर घेतली. पण आभाळात हे काय? साहेबाले शेंडी फुटली ना!"

खरंच, साहेबांच्या टकलावरून एक बारीक वाकडी काळी रेघ वर गेली होती.

"तंतू बसला आहे कॅमेऱ्यात, अण्णा. लेन्स बदलताना गेला असन आत. आज हवा मारून साफ करतो."

शकुंतलाबाईंनी फोन ओढून घेतला. "थांब, थांब. कापसाचाच तंतू आहे ना?"

"तोच. दुसरा कोणता?"

"पाहा!" त्या अण्णाजींकडे वळल्या. "एवढी तपासणी केली साहेबानं, पण गेलाच ना माझा कापूस!"

"आई, फोटो खराब होतात."

"दिवाळीलोक राहू दे. दिवाळी झाली का मग काढजो."

अण्णाजींनी अंजूच्या फोनवरचा तो बिनपडद्याचा फोटो पुन्हा मोठा केला आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहत राहिले.