बाद केलेला नमुना

माझ्या निवृत्तीच्या समारंभात आमच्या डॉक्टरांनी एक किस्सा सांगितला. एका यंत्रमाग कामगाराच्या नाकातून गळणारं पाणी सर्दीचं नसून मेंदूभोवतालचं आहे, हे या माणसाने साध्या परीक्षानळीत ओळखलं, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मी हात जोडून उभा राहिलो. आता तो किस्सा माझी नातवंडं पाहुण्यांना सांगतात. तो अर्धाच खरा आहे.

सत्तरच्या दशकात मी मुंबईच्या एका इस्पितळात प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ होतो आणि तिथल्या या डॉक्टरांसाठी भिवंडीत कामगारांच्या नाकातला स्राव गोळा करायचो. सुताच्या धुळीत राबणाऱ्यांच्या फुप्फुसांचा आजार नाकातल्या प्रथिनांवरून आधीच कळेल का, हे डॉक्टरांना शोधायचं होतं. शिफ्ट सुटताना मी कारखान्याच्या दारात बाकडं टाकून बसे आणि प्रत्येकाच्या हाती काचेची छोटी बाटली देई. बाटली भरून देणाऱ्याला चहा मिळे.

"आ गये नाकवाले साब," असं उत्तरेकडचे लूमवाले म्हणत. आपले मराठी लोक त्यांच्याही पुढे. "आज किती शेर शेंबूड पायजे, साहेब?"

चहाच्या घाईत काही जण बाटली सरळ नळाखाली धरत. ते पकडणं सोपं होतं. स्रावात आम्लाचे थेंब टाकले की प्रथिनांमुळे तो ताकासारखा पांढरा होतो. पाणी तसंच राहतं. अशा लबाडांना सगळ्यांसमोर पकडण्यात मला मजा येऊ लागली होती.

जवळच्या दिघाशी गावाहून येणारा एक कामगार होता, माझ्याहून थोडा मोठा. मध्यंतरी मागावरचा धोटा, आडवं सूत नेणारा जड लाकडी तुकडा, उडून त्याच्या कपाळावर बसला होता. भुवईवरच्या टाक्यांचा व्रण अजून ताजा होता. त्याने आणलेली बाटली अगदी स्वच्छ, पातळ. मी तिथंच आम्ल टाकलं. किंचित धूसर झाली, बस.

"नळाचं आणलंस ना?"

"न्हाय ओ साहेब. नाकातलंच हाय. खाली वाकलो का गलतं, या येकाच बाजूनं. घशात उतरलं का खारट लागतं."

"मग वाक की. बघू दे सगळ्यांना."

तो खरंच वाकला. रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अरे, बायको माहेरी गेलीय त्याची, नाकातून रडतोय!" सगळे हसले. मीही हसलो. थेंब पडला की नाही, मी पाहिलंच नाही; पुढच्याची बाटली घेतली होती. मान वर केली तेव्हा तो चहा न घेताच निघाला होता.

नळाच्या पाण्याला तेवढाही धूसरपणा येत नाही. त्या बाटलीत प्रथिन होतं, नाकातल्या स्रावाच्या मानाने फारच थोडं, पण होतं. मला ते दिसलं होतं. पाण्यात थोडा शेंबूड मिसळला असेल, असं मी ठरवून टाकलं, बाटलीवर 'बाद' लिहिलं आणि ती मोरीत ओतली.

महिनाभराने त्याला ताप भरला, मान ताठ झाली. भावाने टेम्पोत घालून मुंबईला आमच्याच इस्पितळात नेलं. धोट्याच्या फटक्याने नाकाच्या वर कवटीला बारीक चीर गेली होती. मेंदूभोवतालचं पाणी तिथून गळत होतं, आणि आता तिथूनच जंतू आत शिरले होते. डॉक्टरांनी नाकातलं पाणी माझ्याकडे पाठवलं. या वेळी मी प्रथिनं नीट मोजली, शेंबडात जवळपास नसते ती साखरही तपासली, आणि उत्तर बरोबर दिलं. डॉक्टर खूष झाले. मग म्हणाले, "त्याचा भाऊ म्हणतो, तुमच्याकडे आधीही बाटली दिली होती."

"नाही सर. आमच्याकडे आलीच नाही."

तो वाचला. शस्त्रक्रियेने चीर बुजवली. पण त्या आजारात त्याचे दोन्ही कान गेले.

पुढे तो पुन्हा मागावर लागला. तिथल्या खडखडाटात कोणालाच काही ऐकू येत नाही. सगळे एकमेकांचे ओठ बघून बोलतात. त्यामुळे त्याचं काम अडलं नाही. घरी मात्र मुलगी मागून हाक मारते नि रडते, असं त्याचा भाऊ सांगायचा.

एकदा धीर करून मी त्याला कारखान्याच्या बाहेर गाठलं. त्याने मला ओळखलं. खाली वाकला, उठला, नाकाखालून बोट फिरवून कोरडं बोट मला दाखवलं.

"बंद झालं, साहेब! तुमीच वलखलंत म्हनं," तो मोठ्याने म्हणाला. मग माझा चेहरा बघून खांद्यावर हात ठेवला. "पयल्या टायमाला तुमाला तरी काय म्हाईत व्हतं?"

माहीत नव्हतं, हे खरं. पण दिसलं होतं. मी भर उजेडात त्याच्यासमोर उभा होतो. सावकाश एकेक शब्द उच्चारला असता, तर त्याने माझ्या ओठांवरून सगळं वाचलं असतं. म्हणूनच मी तोंड उघडलं नाही.