सोमवारपर्यंत पंप चालू व्हायला हवा

"मॅडम, तुमचा सोलरचा कोर्स या सेमिस्टरले राहू द्या. पुढच्या वर्षी पाहू," प्राचार्य सर म्हणाले.

शुक्रवार होता. सोमवारपासून नवीन सेमिस्टर सुरू होणार होतं. समोर आलेला चहा मी तसाच राहू दिला. 'सौर पंप : जोडणी आणि दुरुस्ती' या कोर्सचा अभ्यासक्रम मी स्वतः लिहिला होता. तो विद्यापीठाकडून मंजूर होऊन आला होता. सुट्टीभर घरात मी दुसऱ्या कशाबद्दल बोलले नव्हते. माझ्या नवऱ्याला झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी पॅनेलची जोडणी कशी करतात हे त्यांनी सांगितलं असतं.

"काहून सर?"

"शिकवणार कशावर? तुमच्या लॅबमध्ये एक पॅनेल नाही. फळ्यावर पंप काढून दाखवणार काय?"

बोलणं खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

मी कारंजा गावातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. हल्ली पदवीच्या मुलांना नेहमीच्या विषयांबरोबर एक स्किल कोर्सही घ्यावा लागतो, म्हणजे हाताने करायचं काहीतरी. कोणता घ्यायचा हे मुलं ठरवतात. पुरेशी मुलं आली नाहीत तर कोर्स बंद होतो. आणि आमच्याकडे कोर्स बंद होणं ही साधी गोष्ट नसते. आठवड्याला किती तास शिकवायचं याला आम्ही वर्कलोड म्हणतो. वर्कलोड कमी झाला की विभागातली माणसं कमी होतात. आमच्या फिजिक्सच्या विभागात आता कमी करायला मी एकटीच उरले होते.

पण खरं सांगायचं तर मला नोकरीची भीती कमी होती आणि कोर्सची हौस जास्त. कामरगावच्या रस्त्याने जा, वावरावावरात पॅनेल उभे दिसतात. पंप बंद पडला की कंपनीला फोन लावायचा आणि मेकॅनिकची वाट पाहायची. तो येईल तेव्हा येईल, तोवर हरभरा तहानलेला. त्याच शेतकऱ्यांच्या घरातली मुलं माझ्या वर्गात बसून विजेची गणितं सोडवतात. पैकीच्या पैकी मार्क घेतात आणि घरच्या पंपाच्या डब्याला हात लावायला भितात. हे मला फार दिवसांपासून खुपत होतं.

"सर, आपल्या विहिरीवर पंप आहे ना," मी म्हणाले.

कॉलेजच्या मागे जुनी विहीर आहे. बगिच्यासाठी कधीतरी तिथे सोलर पंप बसवला होता.

"तो बंद आहे."

"म्हणूनच. दुरुस्त करून दाखवते."

"सोमवारपर्यंत?"

"सोमवारपर्यंत."

सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "ठीक आहे. सोमवारी सकाळी हॉलमध्ये सगळे आपापल्या कोर्सची माहिती देणार आहेत. तुमचा पंप चालला, तर मी स्वतः पोरांना घेऊन विहिरीवर येतो. नाही चालला, तर मग मले काही म्हणायचं नाही."

केबिनबाहेर आले आणि जिना उतरून तडक विहिरीकडे निघाले. वीज मी वर्षानुवर्षं शिकवली होती. पंपाचा डबा मात्र एकदाही उघडला नव्हता.

विहिरीजवळ आमचे राठोड सर भेटले. ते बॉटनीचे. त्यांची रोपवाटिका विहिरीला लागूनच आहे आणि पंप बंद पडल्यापासून ते बादल्यांनी पाणी घालतात. मी त्यांना सगळं सांगितलं.

"मॅडम, मले वायरीतलं काही समजत नाही," ते म्हणाले. "पण उचलाठेवाले माणूस लागन. मी हाव."

शनिवारी सकाळी आम्ही कामाला लागलो. पहिलं काम पॅनेलवर ताडपत्री टाकायचं. लोकांना वाटतं बटण बंद केलं की झालं. पॅनेलला बटण नसतं. ऊन पडतंय तोवर ते वीज तयार करतच राहतात, आणि इतके पॅनेल एकत्र जोडलेले असले की त्या विजेचा झटका माणसाला मारू शकतो. म्हणून आधी अंधार करायचा, मग मीटर लावून खात्री करायची आणि मगच हात घालायचा. हे मी माझ्याच अभ्यासक्रमात पहिल्या पानावर लिहिलं होतं. ते करताना छाती इतकी धडधडेल हे मात्र लिहिलं नव्हतं.

पॅनेलपासून एक केबल एका पेटीत येते. तिला कंट्रोलर म्हणतात. उन्हापासून आलेली वीज मोटरला चालेल अशी करून देणं हे तिचं काम. पेटीपासून दुसरी केबल विहिरीत मोटरकडे जाते. पेटी उघडली तर आत कोळ्यांनी घरं केली होती, पण जळालेलं काही दिसेना. मग आम्ही केबल तपासत निघालो. विहिरीच्या काठाशी राठोड सर खाली वाकले.

"हे पाहा मॅडम. खारींनी पार्टी केली."

मोटरची केबल जागोजागी कुरतडलेली होती. आतली तार उघडी पडली होती.

"आता?" मी विचारलं.

"हा झूलॉजीवाल्यांचा प्रॉब्लेम हाय. आपल्याले फक्त नवीन केबल पायजे."

मला इतकं हसू आलं की भीती निम्मी उतरली. आम्ही त्यांच्या मोटरसायकलवर बाजारात जाऊन केबल घेऊन आलो. जुनी काढली, नवी टाकली, सांधे पक्के केले. दिवस मावळेपर्यंत जोडणी झाली. ऊन संपलं होतं, म्हणून तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली.

रविवारी दुपारी जेवण आटोपून मी पोहोचले तर राठोड सर आधीच येऊन बसले होते. दोघांनी मिळून ताडपत्री ओढून काढली. मी पेटीचा खटका वर केला. हिरवा दिवा लागला. विहिरीतून मोटरचा आवाज आला. मी पाइपच्या तोंडाशी धावले.

पाइपात गुरगुर झाली. दोन-चार थेंब पडले आणि पुढे काहीच नाही.

"मोटर तर चालून राह्यली," राठोड सर विहिरीत डोकावत म्हणाले. "पाणीबी दिसून राह्यलं. मंग वर काहून येत नाही?"

मी खटका पाडला आणि विहिरीच्या काठावर बसले. मोटरला तीन तारा जातात. त्यातल्या कोणत्याही दोन एकमेकींच्या जागी लावल्या, तर मोटर उलटी फिरते. हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. उलटा फिरणारा पंप आवाज करतो, पण पाणी धड वर चढवत नाही. जुन्या केबलचे रंग उडाले होते, म्हणून आदल्या दिवशी मी तारा अंदाजानेच लावल्या होत्या.

"सर, ताडपत्री टाका परत."

"कायले?"

"सांगते. टाका आधी."

पुन्हा अंधार, पुन्हा मीटर. दोन तारांची अदलाबदल केली. ताडपत्री काढली. खटका वर.

या वेळी गुरगुर झाली नाही. पाइप एकदा हादरला आणि मनगटाएवढी धार थेट राठोड सरांच्या चपलांवर पडली. ते बाजूला झाले नाहीत. तसेच उभे राहून हसत होते. मी साडीचा पदर खोचून धारेखाली दोन्ही हात धरले. इतकी वर्षं शिकवलेलं फिजिक्स मी पहिल्यांदा हातावर घेतलं, असं काहीसं मला तेव्हा वाटलं. राठोड सरांनी सगळ्या वाफ्यांना पाणी दिलं, ज्यांना आदल्या दिवशी दिलं होतं त्यांनाही. मी प्राचार्यांना फोन केला.

"चालला?" त्यांनी विचारलं.

"ऐका," म्हणून मी फोन धारेजवळ धरला.

सोमवारी सकाळी हॉल भरला होता. गावोगावच्या मुलामुलींना घेऊन बस आल्या होत्या. इंग्रजीच्या सरांनी मुलाखतीत कसं बोलावं याच्या कोर्सचे पडद्यावर छान रंगीत फोटो दाखवले. मुलं माना डोलावत होती. माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच म्हणाले, "माझा कोर्स इथे दाखवता येत नाही. विहिरीवर चला."

प्राचार्य सर शब्दाला जागले. पुढे ते आणि मागे सगळी पोरं. विहिरीभोवती गर्दी झाली. कोणी मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायला लागलं. पंप कसा चालतो हे मी थोडक्यात सांगितलं आणि खटका वर केला.

लाल दिवा लागला. मोटर हूं की चूं करेना.

मी खटका पाडून पुन्हा वर केला. पुन्हा लाल. मागून कोणीतरी हसलं. प्राचार्य सरांनी घड्याळाकडे पाहिलं. राठोड सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "काल तर चालला ना बाप्पा."

माझ्या डोक्यात केबल, सांधे, तारा सगळं एकदम फिरायला लागलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक मुलगी बोलली. कोमल तिचं नाव, कामरगावकडची. वर्गात ती कधी तोंड उघडत नसे.

"मॅडम, आमच्या वावरातलाबी असाच करते. सकाळी चालत नाही, दुपारी चालते. बाबा म्हणते मोटर गेली."

सकाळी नाही, दुपारी हो. मोटर गेली असती तर दुपारीही चालली नसती. मी पेटीकडे पाहायचं सोडून वर पाहिलं. विहिरीजवळच्या कडुनिंबाची एक फांदी पॅनेलच्या बाजूने झुकली होती. थंडीतलं सकाळचं ऊन तिरपं. फांदीची सावली शेवटच्या दोन पॅनेलवर बरोबर पसरली होती. काल दुपारी सूर्य दुसऱ्या अंगाला होता, तेव्हा ती तिथे नव्हती.

मला एकदम हलकं वाटलं. मी मुलांकडे वळले.

"वावरात पाइपने पाणी देता ना? लांब पाइप आहे. मधेच एकाने त्यावर पाय दिला. शेवटी पाणी येईल?"

"नाही," चार-पाच जण म्हणाले.

"हे सगळे पॅनेल एका पाइपासारखे एकामागे एक जोडलेले आहेत. यातल्या दोन पॅनेलवर कोणीतरी पाय दिला आहे. कोणी, ते शोधा."

माना वर झाल्या. मग कोमलनेच बोट दाखवलं. "निंबाची सावली."

"फांदी तोडून टाकू का मॅडम?" एका मुलाने विचारलं.

"निंबाले कोणी हात नाही लावायचा," राठोड सर गरजले. ते रोपवाटिकेत गेले, दोर आणि शिडी घेऊन आले, आणि स्वतः चढून फांदीला दोर बांधला. खाली दहा-बारा पोरांनी दोर धरला. प्राचार्य सर शिडी धरून उभे राहिले. "हळू ओढा, मोडली तर मी तुमाले सोडणार नाही," राठोड सर वरून सांगत होते. फांदी वाकली. सावली एका पॅनेलवरून सरकली, मग दुसऱ्यावरून.

पेटीतला दिवा हिरवा झाला. विहिरीत मोटर घुमली आणि पाणी आलं.

पोरांनी दोर सोडला नाही, हे त्यांचं कौतुक. पण बाकीच्यांनी एकच गलका केला. काही जण धारेत हात घालायला धावले. मग प्रश्नांची झोड उठली. ढग आले तर? पॅनेलवर धूळ बसली तर? सगळे पॅनेल असेच एकामागे एक जोडतात का? पुढचा तास बुडाला. प्राचार्य सरांनी घंटा नुसती वाजू दिली.

कोर्सला इतकी मुलं आली की एका बॅचमध्ये मावली नाहीत. दोन बॅच कराव्या लागल्या. प्राचार्य सर म्हणाले, "मॅडम, तुमचा वर्कलोड वाढला. आता थकले म्हणून माझ्याकडे यायचं नाही."

त्याच आठवड्यात मला एक फोन आला.

"मॅडम, मी कोमलचा बाप बोलून राह्यलो. पोरगी घरी आली, दप्तर फेकलं आन् थेट वावरात गेली. पॅनेलजवळ बोरीचं झाड वाढलं होतं, ते छाटाले लावलं मले."

"मग? सकाळी चालतो का पंप?"

"आता चालूच हाय. हरभऱ्याले पाणी देता देताच बोलून राह्यलो. मी नवी मोटर घ्याले कारंज्याले येणार होतो." मग त्यांनी विचारलं, "मॅडम, त्या कोर्सले बाप येऊन बसला तर चालते काय?"

मी म्हटलं, नियमात बसत नाही, पण विहीर उघड्यावर आहे, तिथे उभं राहायला कोणाची मनाई नाही. ते दोनदा आले. दुसऱ्यांदा येताना शेजारच्या वावरातल्या दोघांना घेऊन आले.

पॅनेलच्या मागे एक छोटा डायोड असतो. एखाद्या पॅनेलवर सावली पडली, तर त्याला वगळून वीज पुढे न्यायची हे त्याचं काम. आमच्या त्या दोन पॅनेलमधले डायोड जळालेले होते, म्हणून सावलीचा एवढा परिणाम झाला. हे पुढे मुलांनीच मीटर लावून शोधलं. तेच आमचं पहिलं प्रॅक्टिकल झालं.

प्रयोग वर्गात दाखवण्याआधी स्वतः करून पाहावा, हे आम्हाला नोकरीला लागल्या लागल्या सांगतात. मी नव्या शिक्षकांना त्यात थोडी भर घालून सांगते. ज्या वेळेला दाखवायचा असेल, त्याच वेळेला करून पाहावा.