बिझविकने बायकोला बेटावर नेलं

मालावीच्या या सरोवराचं पाणी आमच्या दारापर्यंत येतं. त्यात आम्ही मासे धरतो, भांडी घासतो, पोरं बुचकळतो. मजेसाठी त्यावर जायचं ते बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी. त्यांना बेटावर नेणारा होडीवाला म्हणजे माझा शेजारी बिझविक. हातातला मासा उंच धरून त्याने शीळ घातली, की झाडावरचा मत्स्यगरुड झेपावत यायचा.

एकदा त्याची बायको एनेरेसी म्हणाली, "सगळ्या जगाला दाखवता. मला कधी?"

"लोक काय म्हणतील?"

"मी मेल्यावर न्याल, तेव्हा काही म्हणणार नाहीत."

रविवारी ठेवणीतलं कापड कमरेला गुंडाळून ती होडीत पाहुण्यांच्या फळीवर बसली. काठावर भांडी घासणाऱ्या बायकांचे हात थांबले. होडीत जाळं नाही, मयताला निघालेत म्हणावं तर चेहरे तसे नाहीत.

"कुठं रे निघालात?" त्यांच्यातल्या फैनेस मावशीने हाक दिली.

बिझविकच्या तोंडून निघून गेलं, "हिला बरं नाही. पलीकडच्या दवाखान्यात नेतोय."

एनेरेसीने तोंड फिरवलं. बेट येईपर्यंत ती पाण्याकडेच बघत बसली. तिथे निळे मासे तिच्या बोटांतले पावाचे कण टिपायला आले, तेव्हा मात्र तिला हसू आवरेना. गरुडासाठी बिझविकने शीळ घातली, ती फुसकीच निघाली; गरुड झाडावरच बसून राहिला. ओठ सुकले होते त्याचे.

आजाऱ्याच्या घरी पीठ आणि सरपण घेऊन जायची आमची रीत. ते परतले, तेव्हा त्यांच्या अंगणात चटया अंथरून अर्धं गाव बसलं होतं. मीही मोळी नेली होती. ओल्या केसांनी गुणगुणत येणारी एनेरेसी आम्हाला पाहून थबकली.

"डॉक्टर काय म्हणाला गं?" मावशीने विचारलं.

"ह्यांनाच विचारा."

बिझविक पायांकडे बघत म्हणाला, "दवाखान्यात नव्हतो गेलो. फिरायला नेलं होतं. सांगायची लाज वाटली."

"आणि धडधाकट बायकोला आजारी म्हणायची नाही वाटली?" मावशी म्हणाली.

कुणी हसलं नाही. आणलेलं पीठ परत न्यायचं नसतं, म्हणून बायकांनी तिथेच न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, रांधली. चुलीपाशी एनेरेसी त्यांना निळ्या माशांबद्दल सांगत होती, बायका पुन्हापुन्हा विचारत होत्या. तिच्या बोलण्यात बेट होतं, गरुड होता, पाणी होतं. होडी कुणी वल्हवली, ते मात्र तिने सांगितलं नाही. बिझविक पहिला घास हातात धरून बसला होता, तो निवून घट्ट झाला.