साठ फुटांवरचं पाणी

नेरजवळ माझ्या थोरल्या भावाचा संत्र्याचा बगीचा आहे, दीडशे झाडांचा. बोअरमधून रेती यायची आणि पाण्यात सोडलेला पंप दर दोन महिन्यांनी जाम व्हायचा. म्हणून नळीनं हवा खाली सोडून पाणी वर आणणारा कंप्रेसर बसवायचं ठरलं. किती एचपीचा लागेल ते मी काढून देतो, असं मीच म्हणालो. त्यानं विचारलं नव्हतं.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात दोरीला दगड बांधून मी पाणी मोजलं. साठ फूट. हवेची नळी एकशे नव्वद फुटांवर, म्हणजे तिच्या तोंडावर एकशे तीस फूट पाणी, म्हणजे चार किलोचा दाब. दाबताना हवा तापते, त्याची शक्ती वेगळी धरली. मोटरच्या पट्ट्यात वाया जाते तीही धरली. अडीचच्या थोडं वर आलं. तीन एचपी लिहिलं.

"उन्हाळ्यात पाणी खाली जाते. थे धरलं काय तू?" भावानं विचारलं.

"दादा, पाणी खाली गेलं का दाब कमीच लागते. मोटर उलट हलकी चालन."

हे खरं होतं. त्या कागदाच्या भरवशावर त्यानं पहिल्यांदा पावसाचा मृग बहार सोडून आंबिया धरला, म्हणजे उन्हाळाभर ओलिताची जबाबदारी घेतली.

मार्चअखेर त्यानं बोलावलं. पाणी दीडशे फुटांवर गेलं होतं. मोटर हलकी चालत होती. दाबाचा काटा सव्वा किलोवर होता, माझ्या हिशेबात बसेल असाच. पाइपातून फसफस हवा यायची आणि मधूनच तांब्याभर गढूळ पाणी. हवा दाबायला किती शक्ती लागते ते मी काढलं होतं. एवढ्या कमी पाण्यात बुडालेल्या नळीची हवा दीडशे फूट पाणी उचलेल का, हे काढलंच नव्हतं.

वहिनी बगीच्याच्या बांधावर, धुऱ्यावर उभी होती. "भाऊजी, हवा तं मस्त येऊन राह्यली. झाडाले पंखा झाला."

भाऊ हसला नाही. बोराएवढी फळं झाडांखाली पडली होती. त्यानं मूठभर उचलली, पाहिली, टाकून दिली. "तुह्या हिशेबात चूक नाही," एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मे संपेपर्यंत चाळीस झाडं वाळली. तो कागद मी पुन्हा तपासला. बेरीज-गुणाकार सगळे बरोबर आहेत. यंदा त्यानं त्या जागी तूर पेरली. किती किलो बियाणं लागेल, ते शेजाऱ्याला विचारलं. मी तिथंच बाजेवर बसलो होतो.