स्लॅबखालची भाकरी

मी घरं बांधतो आणि छताला भितो. टपरीवर हे सांगितलं की लोक हसतात. मीही हसतो, आणि हसता हसता टपरीचं छप्पर एकदा बघून घेतो. सवयच लागली आहे. कुठंही शिरलो की आधी वर बघायचं, मग माणसांकडे.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी पोरगा होतो. आमच्या घरावर मातीचं माळवद होतं, हातभर जाड, दर पावसाळ्याआधी वर नवी माती टाकून पिढ्यांनी जड केलेलं. ते सगळं खाली आलं. उकडतंय म्हणून आम्ही सगळे अंगणात झोपलो होतो, एवढंच आमचं नशीब. पुढं मोठा झालो, गवंडीकाम शिकलो, कामं घ्यायला लागलो, स्वतःच्या घराला स्लॅबच्या दोन खोल्या काढल्या. पण झोपतो मी बाहेर, पत्र्याच्या पडवीत. बायको पाहुण्यांना सांगते, "ह्यांना आत उकडतं." ऐन थंडीत आलेल्या पाहुण्यांनाही ती हेच सांगते, आणि तेही चेहरा न हलवता.

या भीतीनं इतकी वर्षं माझं काही अडलं नाही, कारण कागदावर मी नव्हतोच. सरकारी काम घ्यायचं तर बांधकाम खात्यात ठेकेदार म्हणून नोंदणी लागते. आम्ही सगळे तिला लायसन म्हणतो. मी एका शेठच्या लायसनवर काम करायचो. बोर्डावर नाव शेठचं, उन्हात डोकं माझं. एका सकाळी शेठचा फोन आला.

"पोरगं धंद्यात येतंय. लायसन आता तोच वापरणार. तुमचं तुम्ही बघा."

त्याच सुमारास गावातल्या शाळेच्या दोन खोल्यांचं टेंडर निघणार होतं. ते हातचं गेलं तर माझी टोळी फुटणार, हे मला माहीत होतं. सेंट्रिंगचं, म्हणजे स्लॅब ओतण्याआधी खाली टेकू आणि लोखंडी प्लेटा लावायचं काम बघणारे चाचा माझ्याबरोबर सुरुवातीपासून आहेत. वयानं मोठे, जिभेनं त्याहून मोठे. मला 'शेठ' म्हणतात ते फक्त चिडवायला. ते म्हणाले, "शेठ, दिवाळीपतोर वाट बघतो. तवर लायसन आलं तर ठीक, न्हाय तर गड्यांना घेऊन पुण्याला चाललो. तुमच्या भीतीवर आमची चूल पेटत न्हाय."

माणसं गेली तर मी काय करणार? एकट्यानं भिंतीशी गप्पा?

अर्ज मी भरला असं मी सगळ्यांना सांगतो. भरला बायकोनं. ती बचत गटाची कामं बघते, त्यामुळं कुठलाही कागद तिला दबून असतो. मी मात्र कागदांना दबून. तहसीलमधून ऐपतीचा दाखला आणायचा होता. तिथं शिपायानं माझं नाव मोठ्यानं पुकारलं, तर मी मान वळवून शेजारच्या माणसाकडे बघितलं, जणू बोलावणं त्याला आलंय. तोही बिचारा उठून उभा राहिला. डिप्लोमा झालेल्या एका इंजिनिअरचं संमतीपत्र हवं होतं, तर तो सही करीपर्यंत मी त्याच्या अंगणात उभाच. "बसा की," तो म्हणाला. त्याच्या पोर्चला एक तडा होता. मी म्हटलं, "उभाच बरा."

शेवटी एक बाब उरली: केलेल्या कामांचे फोटो. इथं मात्र मी बायकोला हात लावू दिला नाही. आमच्याकडे वास्तुशांतीला घरमालक मिस्त्रीचा मान करतो. टोपी, टॉवेल, नारळ, कपाळभर गुलाल, आणि मग जोडप्याच्या मधोमध उभं करून फोटो. असे फोटो माझ्याकडे पेटीभर. मी त्यातले निवडून निवडून काढले. बेंबळीचं दुमजली घर, सोनारीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची दुकानं, झाडून सगळी कामं त्यात होती. अर्ज गेला.

आणि ऑफिसातून बोलावणं आलं.

उपअभियंता मॅडम जिल्ह्यात नवीन आल्या होत्या. मी आधी ऑफिसचं छत बघितलं, मगच त्यांच्या टेबलासमोर बसलो. त्यांनी एकेक फोटो उलटला आणि बेंबळीवर थांबल्या.

"हे काय आहे?"

"बेंबळीचं घर, मॅडम. दुमजली."

"घर कुठं आहे?"

मी वाकून बघितलं. "मागं हाय न्हवं का. टोपीच्या मागं थोडं जिन्याचं दिसतंय."

"आणि हे?"

"दुकानं."

"यात तर तुम्ही पेढा खाताय."

"दुकानाच्या आनंदात, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. फोटोंचा गठ्ठा नीट जुळवून त्यांनी माझ्याकडे सरकवला. "सत्कार भरपूर बघितले. आता काम दाखवा. चालू काम कुठं आहे?"

भीतीनं माणसाची जीभ एक तर बांधली जाते, नाही तर सुटते. माझी सुटली. "नळदुर्गला, मॅडम. हायवेला ढाब्याच्या मागं मालकाचं घर चाललंय. गुरुवारी सेंट्रिंग खोलतोय."

"मग मी गुरुवारीच येते."

बाहेर पायरीवर चाचा बिडी ओढत बसले होते. सगळं ऐकून ते इतके खूश झाले की बिडी विझली. मला कळेना, यात खूश होण्यासारखं काय आहे. मग त्यांनी सांगितलं, आणि मी खांबाला टेकलो.

आमच्या टोळीत एक रीत आहे. चाचांच्या उस्तादांपासून चालत आलेली. स्लॅबखालचे टेकू निघाले, प्लेटा उतरल्या की घरमालकानं आत पाऊल टाकण्याआधी ज्याच्या नावावर काम आहे त्यानं त्या छताखाली बसून एक भाकरी खायची. पूर्ण. आपण ओतलेल्या छताखाली आपण आधी जेवायचं, मग दुसऱ्याला बोलवायचं. सरकारी काम शेठच्या नावावर, शेठ कधी आलेच नाहीत, म्हणून त्यांच्या वतीनं चाचा बसायचे. पुढं खाजगी घरांनाही तेच बसू लागले. त्या वेळी मी हमखास सिमेंट मोजायला, फोन घ्यायला, नाही तर उगाच रस्ता बघायला बाहेर असायचो.

"आता अर्जावर नाव कुणाचं हाय?" चाचांनी विचारलं.

"माझं. पण ते अजून मंजूर..."

"मग भाकरी बी तुमची."

घरी सांगितलं तर बायको पदराआड हसली. "डबा देते की. कसली करू?"

"ज्वारीचीच. पण पातळ कर."

"का वो?"

"लवकर संपंल."

गुरुवारी मॅडम वेळेवर आल्या. ढाब्याचा मालक गुलाबी फेटा बांधून दारात उभा. हायवेवरून कंटेनर गेला की जमीन पायाखाली बारीक थरथरायची, आणि दर थरथरीला माझ्यातला तो शाळकरी पोरगा जागा व्हायचा. मॅडमनी वर चढून स्लॅब भिजत ठेवायला केलेली पाण्याची आळी बघितली, खाली येऊन तुळया बघितल्या, हातोडी घेऊन ठिकठिकाणी ठोकलं. प्रत्येक ठोक्याला मी डोळे मिटत होतो. पुढच्या खोलीचे टेकू निघाले. प्लेटा उतरल्या. वर एवढा मोठा राखाडी स्लॅब, आणि खाली त्याला धरून ठेवणारं काहीही नाही.

"शेठ," चाचा गोड आवाजात म्हणाले, "ताट मांडलंय."

मॅडमना रीत समजावून सांगावी लागली. माझ्या मनात आशा फुलली. साहेब माणूस आहे, नियम दाखवील, मनाई करील. त्यांनी विचार केला. "या खोलीतलं सगळं काढून झालंय, तेव्हा बसायला हरकत नाही. पण आधी हेल्मेट घाला."

अशा तऱ्हेनं पिवळं हेल्मेट घालून, मांडी ठोकून, मी शेंगदाण्याच्या चटणीशी ज्वारीची भाकरी खायला बसलो. बायकोनं सूड उगवला होता. भाकरी जाडजूड होती. पहिला घास तोंडात फिरतच राहिला. दुसरा गिळला. वर बघायचं नाही, असं ठरवलं आणि वरच बघत राहिलो. तिसरा घास हातात असताना शेजारच्या खोलीत आभाळ कोसळल्यासारखा आवाज झाला. त्याच क्षणी हायवेवरून काहीतरी अवजड गेलं आणि जमीन हलली.

फेटेवाला मालक पहिल्या उडीत बाहेर. गडी त्याच्या मागं. मॅडम दोन पावलं मागं सरून दाराच्या चौकटीत. आणि मी? मी पळालोच होतो. मनानं मी तुळजापूरच्या रस्त्याला लागलो होतो. पण एवढा वेळ घट्ट मांडी घातलेली, दोन्ही पाय मेले होते. कमरेपासून खाली माणूसच नव्हता. मी ताटावर दोन्ही हात ठेवून बसून राहिलो.

धूळ खाली बसली. शेजारच्या खोलीत एक प्लेट स्लॅबला चिकटून राहिली होती, ती सुटून जमिनीवर आपटली होती. बाकी काही नाही. लोक एकेक करून आत डोकावले.

"हलला बी न्हाय!" मालक आश्चर्यानं म्हणाला. "वाघ हाय वाघ!"

मॅडम माझ्याजवळ आल्या. "चेहरा पांढरा पडलाय तुमचा."

"सिमेंट, मॅडम," मी म्हणालो. घास अजून मुठीतच होता.

चाचा माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटले, "मुंग्या आल्या का पायाला?"

मी मान हलवली.

"खावा मग. उरलेली खाल्ल्याबिगर उठायचं न्हाय."

मी खाल्ली. पूर्ण. तोवर मॅडम शेजारची खोली बघून आल्या. जाताना जीपशी थांबून म्हणाल्या, "एक सांगते. तुम्ही पळाला नाहीत म्हणून मी शिफारस करत नाहीये. स्लॅब चांगला आहे म्हणून करतेय. आणि फोटो नवे जोडा. या वेळी घराचे."

फोटो बायकोनं काढले. एकातही मी नाही.

दिवाळीच्या आधी लायसन आलं. चाचांनी पुण्याला जाणाऱ्या गड्यांची नावं मनातून पुसून टाकली आणि मिठाई मात्र माझ्याकडून घेतली. शाळेच्या खोल्यांचं कामही मिळालं. तिथं स्लॅब ओतायच्या आधी मी सळया स्वतः तपासल्या, मग चाचांना तपासायला लावल्या, मग पुन्हा स्वतः. चाचा वैतागले. "किती भ्याचं माणसानं!"

"खाली मी बसणार हाय," मी म्हणालो. "आन् माझ्यानंतर पोरं."

त्यावर त्यांनी एक टेकू न सांगता पुन्हा ठोकून घेतला.

लायसनला बायकोनं चौकट केली. मी म्हटलं पडवीत लाव. तिनं ते आतल्या खोलीत लावलं, स्लॅबखाली, अगदी मागच्या भिंतीवर. "बघायचं असलं तर आत यायचं," ती म्हणाली.

मी रोज जातो. आधी वर बघतो, मग नावाकडे बघतो, आणि बाहेर येतो. हल्ली येताना थोडा सावकाश येतो.